अर्ध्या वेगाचं कार्ड : प्रस्तावना

सर्व्हरमधलं नेटवर्क कार्ड बंद पडलं तर पाच मिनिटांत बोंब होते. तेच कार्ड निम्म्या वेगानं चालत असेल तर महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. दिवा हिरवा असतो, पिंग जातं, जॉब संपतात, आणि वापरणारे "आज मशीन जरा हळू आहे" असं म्हणून चहाला जातात. ही पुस्तिका त्या दुसऱ्या कार्डासाठी लिहिली आहे.

विषय तसा छोटा आहे. क्लस्टरमधल्या सर्व्हरांत इन्फिनिबँडसारखी वेगवान नेटवर्क कार्डं बसवायची. झाकण उघडायचं, स्लॉटमागची पट्टी काढायची, कार्ड दाबायचं, स्क्रू आवळायचा, केबल लावायची. हात बसलेल्या माणसाला एका सर्व्हरला फारसा वेळ लागत नाही. मग त्यावर अख्खी पुस्तिका कशाला? कारण या कामात झालेली चूक यंत्र सांगत नाही, पोटात घालतं.

हे पोटात घालणं मुद्दाम घडवलेलं आहे. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये कार्ड बसलं आणि वीज आली की कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात आधी बोलणी होतात. तुझ्याकडे लेन, म्हणजे माल नेणाऱ्या वाटा, किती, माझ्याकडे किती, त्यांतल्या धड चालणाऱ्या किती, दोघांना झेपेल असा वेग कोणता. सोळा लेनचं कार्ड असेल आणि कडेच्या सोनेरी पट्ट्यांपैकी एखादीवर मळ बसला असेल किंवा कार्ड एका बाजूनं केसभर वर राहिलं असेल, तर ते आठ लेनवर राजी होतं, कधी चारवर. केबलच्या टोकालाही हाच व्यवहार. इन्फिनिबँडच्या नेहमीच्या जोडणीत चार मार्गिका असतात. त्यांतली एक बिघडली तर जोडणी तुटत नाही, ती एकाच मार्गिकेवर उभी राहते आणि चतुर्थांश वेगानं निमूट काम करते. केबल जुन्या पिढीची असेल तर दोन्ही टोकं आपणहून जुन्या पिढीच्या वेगावर येतात. घरातल्या एकट्या संगणकाला ही मोठी सोय आहे. क्लस्टरमध्ये तीच घात करते.

हवामानाचं प्रारूप घ्या. वातावरणाचे लक्षावधी चौकोनी तुकडे करून ते नोडांमध्ये, म्हणजे क्लस्टरमधल्या सर्व्हरांमध्ये, वाटून दिलेले असतात. प्रत्येक नोड आपल्या वाट्याचं गणित करतो, मग कडेच्या तुकड्यांतलं तापमान, दाब, वारा, बाष्प शेजाऱ्यांना कळवतो, त्यांचं आपण घेतो, आणि मगच घड्याळ पुढच्या काही मिनिटांवर सरकतं. शेजाऱ्याचे आकडे आल्याशिवाय पुढची पायरी नाही. पंगत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत उठत नाही, तशातला प्रकार. शंभर नोडांत नव्व्याण्णव कार्डं पूर्ण वेगानं आणि एक अर्ध्या वेगानं चालत असेल, तर सरासरी काढून साडेनव्व्याण्णव टक्के वेग हाती येत नाही. देवाणघेवाणीच्या टप्प्यांत शंभरही नोड त्या एकाच्या चालीनं चालतात. वीजबिल मात्र शंभरांचं येतं.

नारायणगावजवळ खोडदला याच्या उलट प्रकार पाहायला मिळतो. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. प्रत्येक अँटेनाचा संकेत इतर प्रत्येक अँटेनाच्या संकेताशी ताडून पाहायचा म्हणजे ४३५ जोड्या होतात. सुधारित दुर्बीण एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा पाहते. तेवढ्या पट्ट्यासाठी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. दोन ध्रुवणं धरून असे साठ प्रवाह. एका नमुन्याला एक बाइट धरला तरी सेकंदाला ४८ गिगाबाइट. हा सगळा माल ग्राफिक्स प्रोसेसर बसवलेल्या संगणकांकडे जातो आणि तिथे त्याचा गुणाकार होतो. हवामानाचं गणित हळू कार्डासाठी थांबून राहतं, आकाश थांबत नाही. इथे कार्ड कमी पडलं तर उशीर होत नाही, माहितीच गळते, आणि तो क्षण पुन्हा येत नाही. म्हणून सगळ्या क्लस्टरांना एकच कसोटी लावता येत नाही. आपल्या क्लस्टरवर चालणारं काम थांबणाऱ्यांतलं की न थांबणाऱ्यांतलं, हे कार्ड बसवणाऱ्यालाही माहीत असावं असं माझं मत आहे. स्क्रूड्रायव्हर हातात असलेल्या माणसाला हे सांगायची पद्धत आपल्याकडे नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण मुळात कार्ड का आलं हे कळलं की ते कुठे अडतं हेही कळतं.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झालं आणि १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर उभा होता. त्या चिपमध्येच चार दुवे असत, प्रत्येकी सेकंदाला दोन कोटी बिटांपर्यंतचे. गणित करणारा आणि निरोप नेणारा एकाच तुकड्यावर राहत होते, वेगळ्या कार्डाची गरज नव्हती. पुढे जग बाजारात तयार मिळणाऱ्या संगणकांकडे वळलं. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी सोळा ४८६ प्रोसेसर साध्या १० मेगाबिट इथरनेटनं जोडून बेओवुल्फ उभा केला. प्रोसेसरच्या मानानं नेटवर्क इतकं हळू होतं की एकाच्या जागी दोन इथरनेट जाळी टाकून माल दोन्हींवर वाटून द्यावा लागला. स्वस्त, एकमेकांसाठी न बनलेली यंत्रं एकत्र आणली की सांधा बाहेरून बसवावा लागतो. तो सांधा म्हणजे हे कार्ड.

सी-डॅकनं हा सांधा स्वतः घडवण्याचा मार्ग धरला. १९९८च्या परम १०००० मध्ये सनची यंत्रं होती आणि त्यांना जोडायला परमनेट होतं. परम पद्ममध्ये परमनेट-२ आलं, २००८च्या परम युवामध्ये परमनेट-३. २०१३च्या युवा-२ मध्ये मात्र इन्फिनिबँड आलं. अलीकडे त्रिनेत्र या नावानं स्वदेशी जोडणीचं काम पुन्हा सुरू आहे. दरम्यान पुण्यातच टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजनं उभारलेला 'एका' नावाचा महासंगणक २००७च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. त्यात एचपीचे सुमारे अठराशे ब्लेड सर्व्हर इन्फिनिबँडनं जोडलेले होते. त्या यादीची चर्चा झाली ती टेराफ्लॉप्सच्या आकड्याची. जोडणीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आणि या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे, कारण त्यात कार्ड बसवण्याचं काम उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर झालं.

२००३ च्या जूनमध्ये ॲपलनं पॉवर मॅक जी-५ जाहीर केला. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले श्रीनिधी वरदराजन यांनी हे टेबलावर ठेवायचे संगणक अकराशेच्या घरात मागवले, महासंगणक करायला. ते शरद ऋतूच्या सुरुवातीला येऊन पडले. यंत्रं दुकानात मिळतात तशीच होती. त्यांच्यात इन्फिनिबँड नव्हतं, मॅकसाठी त्याचे ड्रायव्हरही तयार नव्हते. ड्रायव्हर मेलॅनॉक्सकडून आले, संदेशवहनाची लायब्ररी ओहायो स्टेट विद्यापीठाची होती. आणि खोकी फोडणं, यंत्रं उघडून त्यांत कार्डं बसवणं, फडताळांत रचणं, केबली ओढणं हे विद्यार्थ्यांनी केलं, पिझ्झाच्या मोबदल्यात. नोव्हेंबरच्या यादीत हा सिस्टिम एक्स १०.२८ टेराफ्लॉप्स घेऊन तिसरा आला. खर्च सुमारे ५२ लाख डॉलर, म्हणजे त्या यादीतल्या शेजाऱ्यांच्या मानानं किरकोळ.

या गोष्टीचा कौतुकाचा भाग सगळे सांगतात. पुस्तिकेच्या दृष्टीनं महत्त्वाचं त्याच्या आतलं आहे. ते कार्ड पीसीआय-एक्स प्रकारच्या स्लॉटमध्ये बसत असे. जी-५ मध्ये असे तीन स्लॉट होते, पण सारखे नव्हते: एक १३३ मेगाहर्ट्झचा, दोन १०० मेगाहर्ट्झचे. दिसायला तिन्ही एकसारखे, कार्ड तिन्हींत बसतं आणि तिन्हींत चालतंही. १३३च्या स्लॉटची क्षमता सेकंदाला सुमारे १०६६ मेगाबाइट, तीही जाणाऱ्या आणि येणाऱ्या मालात मिळून. त्या वेळचं इन्फिनिबँड एका दिशेला १००० मेगाबाइट आणि दुसऱ्या दिशेला आणखी १००० नेऊ शकत होतं. म्हणजे योग्य स्लॉट निवडला तरी दोन्ही बाजूंची वाहतूक एकदम आली की स्लॉटच अपुरा. चुकीचा निवडला तर आणखी एक चतुर्थांश गेलं. पुढच्याच वर्षी ती यंत्रं बदलून एक्ससर्व्ह आणावी लागली. कारण नेटवर्क नव्हतं, स्मृतीतल्या चुका दुरुस्त करण्याची सोय मूळ यंत्रांत नव्हती हे होतं. पण स्लॉट आधी अपुरा पडतो, कार्ड नंतर, ही गोष्ट तेव्हापासून आजतागायत तशीच आहे.

यात इतिहासाचा एक टोमणाही आहे. इन्फिनिबँड जन्माला आलं ते स्लॉटची ही कटकट मुळातून संपवायला. १९९९ साली दोन उद्योगगट, एकीकडे कॉम्पॅक, आयबीएम, एचपी आणि दुसरीकडे इंटेलच्या बाजूचे, आपापले वेगळे आराखडे सोडून एकत्र आले. २००० साली पहिलं विनिर्देशपत्रक निघालं. डिस्क, नेटवर्क, प्रोसेसर सगळं एकाच जाळ्यावर लटकवायचं, संगणकाच्या पोटातली पीसीआय बस काढूनच टाकायची, असा तो बेत होता. मग डॉट-कॉमचा फुगा फुटला, इंटेलनं अंग काढून घेतलं आणि पीसीआय एक्सप्रेसवर भर दिला. ज्या बसला हद्दपार करायचं होतं तिच्याच वारसाच्या स्लॉटमध्ये इन्फिनिबँडला भाड्यानं राहावं लागलं. १९९९ साली इस्रायलमध्ये निघालेली मेलॅनॉक्स ही कंपनी मात्र त्याला चिकटून राहिली आणि २०२० साली सुमारे सात अब्ज डॉलरना एनव्हिडियाच्या घरात गेली.

म्हणून या पुस्तिकेत कार्डाच्या आधी स्लॉट येतो, आणि ते सर्वांत लांबलेलं प्रकरण आहे. त्यातला मुख्य हिशेब इथेच सांगून टाकतो. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत एका लेनवरून सेकंदाला आठ अब्ज बिट जातात, चौथीत सोळा, पाचवीत बत्तीस. तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन म्हणजे सुमारे १२६ गिगाबिट. १०० गिगाबिटचं ईडीआर कार्ड त्यात मावतं. तेच कार्ड आठ लेनवर आलं तर हाती ६३ राहतात, आणि आवरणाचा खर्च वजा जाता त्याहूनही कमी. २०० गिगाबिटच्या एचडीआरला चौथ्या पिढीच्या सोळा लेन हव्यात, ४०० च्या एनडीआरला पाचव्या पिढीच्या. हा हिशेब कोणीही बोटांवर करू शकतो. तरीही सर्व्हरखोल्यांत तो चुकतो, कारण स्लॉट डोळ्यांना फसवतो.

सोळा लेनच्या लांबीचा स्लॉट असतो आणि त्यात तारा आठच लेनच्या ओढलेल्या असतात. मदरबोर्डवर बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं, पण एक यू उंचीच्या सर्व्हरमध्ये कार्ड उभं बसत नाही, रायझरवर आडवं बसतं. मग छापील अक्षरं रायझरखाली जातात आणि खरं काय ते रायझर कोणता लावला आहे त्यावर ठरतं. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक स्लॉट एका ठरावीक प्रोसेसरला बांधलेला असतो. दुसरा प्रोसेसर विकतच घेतला नसेल तर त्याच्या वाट्याचे स्लॉट मुके असतात, कार्ड कितीही चांगलं असो. दोन्ही असतील तर मुके नसतात, पण दुसऱ्या प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रामला कार्डापर्यंत पोचायला दोघांमधला पूल ओलांडावा लागतो. त्या पुलावर इतरही गर्दी असते. आणखी एक गंमत: काही जण एनव्हीएमई डिस्कांसाठी बायोसमध्ये सोळा लेनचा स्लॉट चार-चारच्या चार वाट्यांत फोडून ठेवतात. डिस्का नंतर दुसरीकडे हलतात, सेटिंग तसंच राहतं, आणि त्या जागी आलेलं नवं कार्ड चारच लेनवर चालू होतं. झाकण उघडून पाहिलं तर सगळं यथास्थित.

उपाय सोपा आहे. लिनक्समधला एलएसपीसीआय हा आदेश सविस्तर चालवला की प्रत्येक कार्डाबद्दल दोन ओळी दिसतात. एकीत कार्डाची कुवत, दुसरीत प्रत्यक्ष मिळालेली स्थिती. दोन्हींतली रुंदी आणि वेग जुळले पाहिजेत. बस, एवढंच. कार्ड बनवणाऱ्यांच्या मार्गदर्शिकांत विजेच्या आणि लेझरच्या इशाऱ्यांना पानंच्या पानं असतात आणि या दोन ओळींना जेमतेम एक परिच्छेद. इशारे हवेतच, पण ते वकिलांनी लिहिलेले वाटतात. ही दुसरी गोष्ट कुणीतरी सर्व्हरखोलीत उभं राहून लिहायला हवी होती.

हातकामाचं प्रकरण मी त्या मानानं आटोपतं ठेवलं आहे. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात, तेव्हा दोन्ही वायरी काढायच्या. बटण बंद असलं तरी स्लॉटमध्ये राखीव वीज असते. मनगटपट्टी लावायची आणि ती खरोखर धातूला जोडायची, नुसती हाताला शोभेला नको. स्थिर विजेचा चटका माणसाला जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टांना. चिप त्याच्या कितीतरी आधी दुखावते, आणि दुखावलेली चिप लगेच मरत नाही. वातानुकूलित सर्व्हरखोलीतली हवा कोकणात पावसाळ्यातसुद्धा कोरडी असू शकते. "आमच्याकडे दमट हवा आहे" या भरवशावर पट्टी काढून ठेवू नये. कार्डासोबत उंच आणि बुटका असे दोन ब्रॅकेट येतात. चुकीचा लावला तर स्क्रू आवळताना कार्ड तिरपं उचललं जातं आणि आपण पुन्हा आठ लेनांवर येतो.

हवेबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. सर्व्हरच्या कार्डांवर पंखा नसतो, नुसता हीटसिंक असतो. त्यावरून हवा नेणं हे सर्व्हरच्या पुढच्या पंख्यांचं काम. रिकाम्या स्लॉटमागच्या पट्ट्या, रिकाम्या डिस्कखणांची झाकणं, प्रोसेसरवरचा प्लॅस्टिकचा बोगदा हे सगळं त्या हवेला वाट दाखवण्यासाठी असतं. घाईत हे भाग टेबलावर राहून जातात. तेवढ्यानं सर्व्हर बंद पडत नाही. हवा जवळच्या भोकातून निघून जाते, कार्ड तापतं, आणि दुपारी जॉब भरात असताना चुका वाढायला लागतात. त्यातून केबल प्रकाशाची असेल तर तिच्या टोकातला मॉड्यूलही उष्णता ओततो आणि तो नेमका सर्व्हरच्या मागच्या, गरम बाजूला असतो.

केबलीचं प्रकरण वाचताना मीटरपट्टी जवळ ठेवा. वेग वाढत गेला तशी तांब्याची पोच आखडत गेली. १०० गिगाबिटच्या पिढीत साधी तांब्याची केबल तीन ते पाच मीटर चालते, २०० च्या पिढीत दोनेक मीटर. त्यापुढे प्रकाशतंतू. म्हणून स्विच रॅकच्या कुठल्या उंचीवर ठेवायचा हा प्रश्न आता सुतारकामाचा उरला नाही, तो खरेदीच्या वेळीच सुटायला हवा. तंतूत प्रकाश मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद घेतो. वीस मीटरची गुंडाळी मागे लटकवून ठेवली तर प्रत्येक निरोपाला शंभर नॅनोसेकंदांचा टोल. ज्या जाळ्यात एका नोडकडून दुसऱ्याकडे निरोप जायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो तिथे हा दहावा हिस्सा झाला. साध्या गिगाबिट इथरनेटवर तोच निरोप काही दशक मायक्रोसेकंद घेतो, तिथे कुणाला हे जाणवलंही नसतं.

सर्व्हर किती आणि स्विच किती, याचा हिशेब चार्ल्स लायझरसन यांनी १९८५ साली मांडलेल्या फॅट-ट्री रचनेवर बेतलेला असतो. छत्तीस पोर्टांच्या स्विचवर अठरा खाली नोडांकडे, अठरा वर दुसऱ्या थराकडे. अशा दोन थरांत ६४८ नोड एकमेकांची वाट न अडवता जोडता येतात. पैसे वाचवायला वरच्या केबली कमी केल्या जातात. ते समजून केलं तर चालतं. पण वरची एखादी केबल अर्धवट बसली असेल तर न समजता तेच होतं, आणि त्याचा त्रास एका नोडला न होता कधी या जॉबला, कधी त्या जॉबला होतो. शोधायला याइतकी वाईट जागा दुसरी नाही.

मग कार्ड बसलं, केबल लागली, हिरवा दिवा लागला, आणि पोर्टची स्थिती विचारली तर उत्तर येतं: इनिशियलायझिंग. नव्या माणसाची इथे हमखास तारांबळ उडते. इथरनेटचा स्विच येणारी पाकिटं बघत आपापलं शिकतो, इन्फिनिबँडचा शिकत नाही. जाळ्यात कुठेतरी सबनेट मॅनेजर नावाचा कारभारी चालू असावा लागतो. तो सगळं जाळं फिरून पाहतो, प्रत्येक पोर्टला क्रमांक देतो, स्विचांत वाटांचे तक्ते भरतो, आणि मग पोर्ट ॲक्टिव्ह होतं. स्विचमध्ये तो अंगचाच नसेल तर एखाद्या नोडवर ओपनएसएम चालवावा लागतो. दुसऱ्या नोडवर राखीव ठेवणं शहाणपणाचं. काही कार्डं इन्फिनिबँड आणि इथरनेट दोन्ही बोलतात. पोर्ट इथरनेटवर ठेवलेलं राहिलं असेल तर दिवासुद्धा लागत नाही, आणि लोक बिचाऱ्या केबलीला शिव्या देत बसतात.

फर्मवेअर, ड्रायव्हर आणि स्मृती अडकवून ठेवण्याची मर्यादा यांची प्रकरणं कोरडी आहेत. ती तशीच असायला हवीत. फक्त एक गोष्ट आधी सांगतो. या कार्डांचा वेग येतो तो कर्नलला वळसा घालून थेट प्रोग्रामच्या स्मृतीत माल टाकण्यातून. त्यासाठी ती स्मृती जागची हलू नये अशी बांधून ठेवावी लागते. लिनक्सची मूळ मर्यादा त्या दृष्टीनं अगदी तोकडी असते. रूट म्हणून केलेली चाचणी उत्तम येते आणि वापरणाऱ्याचा जॉब पडतो, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

चाचणीच्या प्रकरणाबद्दल माझा आग्रह थोडा जास्त आहे. क्लस्टर ताब्यात घेताना लिनपॅक ही चाचणी चालवतात, ठरलेला आकडा आला की सह्या होतात, हार-नारळ होतो. लिनपॅक प्रोसेसरांना घाम फोडतो. नेटवर्कची तो तितकी परीक्षा घेत नाही, एखादं लंगडं कार्ड त्यात सहज लपतं. निविदांत टेराफ्लॉप्सचं कलम असतं, पण प्रत्येक कार्डाची रुंदी, प्रत्येक केबलीचा वेग, दर जोडीची मोजलेली क्षमता असं कलम क्वचित दिसतं. ते घालायला पैसे लागत नाहीत. दोन-दोन नोडांच्या जोड्या लावून बँडविड्थ आणि विलंब मोजायचा, जोड्या बदलायच्या, पुन्हा मोजायचं. रात्रभर चालू ठेवलं की सकाळी ओळ करून उभ्या केलेल्या विद्यार्थ्यांत एक बुटका दिसावा तसा तो नोड आकड्यांत दिसतो. मग पोर्टांवरचे चुकांचे मोजणीआकडे शून्य करून भार टाकायचा आणि ते पुन्हा वाचायचे. चुका वाढत असतील तर कार्डापेक्षा आधी केबल संशयित.

ही पुस्तिका डिप्लोमा किंवा आयटीआय करून सर्व्हरखोलीत रुजू झालेल्यांसाठी आहे, तसंच महाविद्यालयांत दहा-वीस नोडांचं क्लस्टर एकट्यानं सांभाळणाऱ्या प्राध्यापकांसाठीही. नेटवर्कचा सिद्धान्त शिकवण्याचा तिचा दावा नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या प्रत्युषसारख्या, म्हणजे क्रे कंपनीच्या, यंत्रांत जोडणीची चिप ब्लेडवरच बसवून येते. तिथे आपल्या हाताला काम नाही, म्हणून ती यंत्रं इथे नाहीत. ओम्नी-पाथ आणि स्लिंगशॉट या इतर जोडण्यांचाही उल्लेखापुरताच उल्लेख आहे. इथरनेटवरून तोच थेट-स्मृतीचा व्यवहार करणाऱ्या रॉकीला (आरओसीई) स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, कारण लहान संस्था आता तिकडे वळताहेत. त्यात कार्ड बसवण्याइतकंच स्विचची सेटिंग्ज नीट करण्याला महत्त्व आहे. एनडीआरच्या जोडपोर्टांची टोकं वेगळ्या आकाराची असतात, त्यांची चित्रं पुरवणीत सापडतील.

प्रकरणं उलटसुलट वाचली तरी चालतील, फक्त स्लॉटचं प्रकरण सर्व्हर मागवण्याआधी वाचा. माल आल्यावर ते वाचून मनस्ताप होतो. शेवटी दिलेला नोंदतक्ता एका सर्व्हरला एक ओळ अशा हिशेबानं आखला आहे: नोडचं नाव, कार्डाचा अनुक्रमांक आणि जीयूआयडी हा ओळखक्रमांक (झाकण लावण्याआधी स्टिकर वाचा, नंतर ते दिसत नाही), स्लॉट, कोणत्या प्रोसेसरचा, फर्मवेअर, मिळालेल्या लेन, पोर्टचा वेग, केबलीचा क्रमांक, स्विचचं पोर्ट, बसवणाऱ्याचं नाव, शेरा. तक्त्याच्या हव्या तितक्या प्रती काढा. कागदाच्या रुंदीत सगळं मावत नसेल तर शेरा हा रकाना काढून टाका, पण मिळालेल्या लेनचा ठेवा.